बाळंतविड्याचा स्वेटर : गळ्यापासून खाली विणायचा

बाळंतविडा म्हटलं की झबली, टोपडी, दुपटी, कुंची आणि जुन्या मऊ साड्यांची एखादी गोधडी हे ठरलेलंच. त्यात एक तरी कपडा लोकरीचा हवा, असा माझ्या आत्याचा हट्ट असायचा. नाशिकच्या थंडीत ओट्यावर उन्हात बसवून तिनेच मला सुया धरायला शिकवल्या. “आत्या, टाके किती घालू?” असं विचारलं की ती म्हणायची, “बाळ बघ आणि घाल.” मला वाटायचं, तिला सांगायचं नाही म्हणून ती टाळतेय. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तिने मला अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. टाक्यांचा आकडा पुस्तकातून घ्यायचा नसतो. तो बाळाच्या मापातून आणि आपल्या हाताच्या सैल-घट्टपणातून काढायचा असतो. एकदा तो काढता आला की कुठल्याही नमुन्यासाठी कुणावर अडून राहावं लागत नाही.

म्हणून या लेखात मी एक पूर्ण स्वेटर आकड्यांसकट देते आहे आणि ते आकडे कुठून आले तेही सांगते आहे. पुढून उघडा, तीन बटणांचा, साधारण सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर. सुलट आणि उलट टाका येत असेल, तर एवढ्या भांडवलावर तो होतो.

आधी महिना, मग माप

बाळ कधी जन्मणार ते विचारा आणि बोटं मोजा. मार्चमध्ये जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा सप्टेंबर असेल, आणि स्वेटर कपाटात पडून राहील. ते डिसेंबरात नऊ महिन्यांचं होतं, तेव्हा माप नऊ महिन्यांचं धरायचं. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला होणाऱ्या बाळाला मात्र हा सहा महिन्यांचा स्वेटर ऐन थंडीत बसतो. नव्या बाळाच्या मापाचा स्वेटर मी कधीच विणत नाही. तो महिनाभरात आखूड होतो आणि विणणारीचा जीव हळहळतो.

साधारण छाती तीन महिन्यांना १६ इंच, सहा महिन्यांना १७ आणि वर्षाला १८ इंच धरतात. त्यात ३ इंच मिळवा. आत झबलं असतं, आणि बाळाचा हात बाहीत घालताना आईला स्वतःची दोन बोटंही बाहीत घालावी लागतात. म्हणजे आपला स्वेटर २० इंच घेराचा.

काही घरांत बाळ येण्याआधी कपडे आणत नाहीत. तिथे लोकर आपल्या घरी ठेवून विणावं आणि बारशाला न्यावं. त्या श्रद्धेशी वाद घालू नये.

लोकर

आपण ‘लोकर’ म्हणतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. ‘बेबी वूल’ नावाचे गुंडेही बहुतेकदा ॲक्रिलिकच असतात. त्यात वाईट काही नाही. ते रोज धुता येतात, कसर लागत नाही, स्वस्त पडतात. पण ॲक्रिलिक घाम शोषत नाही. नाशिक, निफाड, महाबळेश्वरच्या बाळाला मऊ मेरिनो लोकर किंवा मेरिनो मिसळलेला धागा परवडत असेल तर जरूर घ्या. मुंबईच्या किंवा कोकणातल्या बाळाला मात्र सुती धाग्याचा स्वेटर विणा. तो थोडा जड होतो आणि लोकरीसारखा ताणत नाही, पण अंगावर राहतो. ॲक्रिलिकचा स्वेटर तिथे पहिल्या अर्ध्या तासात निघतो.

आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल मला फार प्रेम आहे, पण ती घोंगडीची लोकर. चिंचोक्याची खळ लावलेली ती राकट घोंगडी पाऊस-वारा अडवते. बाळाच्या गालाला ती टोचणारच.

दुकानदार सांगतो त्यावर विश्वास बसत नसेल, तर दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या बशीवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला नेली की ती विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो.

जाडी ‘चार प्लाय’ घ्या. १५० ग्रॅम आणा. साधारण १२५ लागेल, उरलेली दुरुस्तीला. सगळे गुंडे एकाच वेळी घ्या आणि लेबलावर रंगाच्या नंबराखेरीज लॉटचा नंबर असतो, तोही जुळवा. एकदा मला एका दुकानात “तोच रंग आहे, ताई” म्हणून दुसऱ्या लॉटचा गुंडा दिला गेला. ट्यूबलाइटखाली फरक दिसला नाही. घरी उन्हात धरलं तेव्हा पिवळ्या स्वेटरची एक बाही हळदीची आणि दुसरी लिंबाची झालेली होती. तेव्हापासून मी गुंडे दुकानाच्या दाराशी नेऊन बघते.

सुया आणि नंबरांचा घोळ

१० नंबरची सुई घ्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटर. आपल्याकडे जुनी इंग्रजी मोजणी चालते, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : १२ नंबर २.७५ मिलिमीटर, ८ नंबर ४ मिलिमीटर. अमेरिकी मोजणी नेमकी उलटी, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. इंटरनेटवरचा नमुना ‘८ नंबर’ म्हणत असेल तर तो कुठला ८, हे मिलिमीटर बघूनच ठरवा.

सरळ सुयांच्या जोडीपेक्षा मधे नायलॉनची दोरी असलेली गोल सुई आणा, २४ ते ३२ इंच लांबीची. हा स्वेटर गोल विणायचा नाही, जा-ये करत सपाटच विणायचा आहे. पण एका टप्प्याला सुईवर २३० टाके जमतात आणि सरळ सुईवरून ते टोकाकडून निसटायला बघतात. दोरीवर ते सुखाने बसतात आणि वजन मांडीवर येतं, मनगटावर नाही. बाकी सामान घरातच आहे : मेजपट्टी, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, क्रोशाची सुई, खुणेसाठी स्ट्रॉ कापून केलेल्या चार चकत्या. आणि १९ चिंचोके. त्यांचं काम पुढे येईल.

नमुना विणा, धुवा, मग मोजा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग स्वेटर भलत्याच बाळाला होतो. ३६ टाके घालून पाच इंच उंच तुकडा विणा, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. आता तो सुईवरून काढून धुवा आणि सपाट वाळवा. न धुतलेला नमुना खोटं बोलतो, कारण धुतल्यावर धागा फुलतो आणि टाके आपापल्या जागी बसतात. वाळल्यावर कडा सोडून मधल्या ४ इंचांत टाके मोजा, मग उभ्या ४ इंचांत ओळी. माझ्या हाताने या लोकरीत २८ टाके आणि ३६ ओळी येतात. म्हणजे एका इंचात ७ टाके, ९ ओळी.

तुमचे २६ टाके आले, इंचाला साडेसहा, तर “दोनच टाक्यांचा फरक” म्हणून सोडू नका. माझ्या १४० टाक्यांचा घेर तुमच्या हातून साडेएकवीस इंच होईल, दीड इंच जास्त. टाके कमी भरले तर सुई एक नंबर बारीक घ्या, जास्त भरले तर एक नंबर जाड. हात बदलायचा प्रयत्न करू नका. घट्ट विणणारी बाई ठरवून सैल विणायला गेली की चार ओळींनी विसरते. सुई बदलणं सोपं.

हिशेब शेवटाकडून मागे

विणायचं गळ्यापासून खाली, पण हिशेब करायचा छातीपासून वर. वही घ्या.

घेर २० इंच गुणिले ७ टाके म्हणजे १४०. पाठीला अर्धे, ७०. पुढच्या दोन भागांना मिळून ७०, अधिक बटणपट्टीचे ६, कारण तिथे एक पट्टी दुसरीवर चढते. ७६ चे निम्मे ३८, तेवढा एकेक पुढचा भाग. काखेत दोन्हीकडे ६-६ टाके नव्याने घालायचे असतात. त्यातले ३ पाठीकडे जातात, ३ पुढे. म्हणजे काखेपर्यंत पोचताना पाठीवर ७० वजा ६, म्हणजे ६४ टाके हवेत आणि पुढच्या भागांवर ३८ वजा ३, म्हणजे ३५.

आता गळ्यापासून काखेपर्यंतची उंची. सहा महिन्यांच्या बाळाला सव्वाचार इंच धरा. इंचाला ९ ओळी म्हणजे ३८. एक ओळ वाढवायची, एक साधी, म्हणजे वाढवण्याच्या ओळी १९. दर वाढीच्या ओळीत पाठ २ टाक्यांनी वाढते, पुढचा भाग प्रत्येकी १ ने आणि बाही २ ने. तर मागे या : पाठ ६४ वजा ३८, म्हणजे गळ्याशी २६. पुढचा भाग ३५ वजा १९, म्हणजे १६. बाही गळ्याशी १० टाक्यांनी सुरू करू, ती काखेशी ४८ होईल, आणि काखेचे ६ मिळून ५४. इंचात पावणेआठ. बाळाच्या दंडाला ऐसपैस.

गळ्याशी एकूण १६, १०, २६, १०, १६, म्हणजे ७८ टाके. पट्टीवर पट्टी चढणारे ६ वजा केले तर ७२, सव्वादहा इंच गळा. ठीक आहे.

तुमच्याकडे जाड, आठ प्लाय धागा असेल आणि इंचाला ६ टाके, ८ ओळी येत असतील, तर याच वाटेने चाला : घेर १२०, पाठ ६०, काखेआधी ५४. उंची ४ इंच, ३२ ओळी, १६ वाढी. पाठ गळ्याशी २२, पुढचे भाग १४-१४, बाह्या १०-१०, एकूण ७०. एकदा स्वतः करून बघा. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो. पण हा हिशेब हातात आला की मोठ्या भावाचा, आजोबांचा, स्वतःचा स्वेटर याच रस्त्याने निघतो. मोठ्यांच्या स्वेटरला गळ्याचा पुढचा उतार वेगळा द्यावा लागतो, एवढंच.

गळपट्टी आणि खांदे

सुरुवातीची शेपटी किती सोडायची? सुईला धाग्याचे १० वेढे द्या, ते सोडवून लांबी मोजा आणि तिची आठपट घ्या, वर वीतभर. ७८ टाके अंगठ्यावरून घाला. सैल घाला. घट्ट कडेतून बाळाचा गळा आवळतो.

५ ओळी सगळ्या सुलट विणा. ही गळपट्टी झाली. नुसतं सुलट-उलट विणलेलं कापड कडेला गुंडाळत जातं, दोन्ही बाजूंनी सुलट विणलेलं सपाट राहतं. म्हणून गळा, पट्ट्या आणि सगळ्या कडा अशाच विणायच्या. चौथ्या ओळीत पहिलं काज करा : ओळीच्या सुरुवातीच्या ६ टाक्यांत, म्हणजे बटणपट्टीत, २ सुलट, धागा पुढे घेऊन सुईवर वेढा, दोनाचा एक, २ सुलट. पुढची काजं दर १६ ओळींनी. बाळाला तीनच पुरेत, छातीपर्यंत. खालचा भाग मोकळा असला की लंगोट बदलताना बरं पडतं.

सहाव्या ओळीपासून वाढ सुरू. १६ टाके मोजून सुईत चकती अडकवा, १० नंतर दुसरी, २६ नंतर तिसरी, १० नंतर चौथी. वाढीची ओळ अशी : चकतीच्या आधीच्या टाक्यापर्यंत सुलट विणा, त्या एका टाक्यात आधी पुढून आणि मग मागून विणून त्याचे दोन करा, चकती सरकवा, पुढच्या टाक्याचेही दोन करा. असं चारही चकत्यांशी. एका ओळीत ८ टाके वाढले पाहिजेत. परतीची ओळ : पट्टीचे ६ सुलट, मधले सगळे उलट, शेवटचे ६ सुलट.

काही नमुन्यांत वाढीच्या जागी जाळीची भोकं ठेवतात. दिसतात सुरेख. पण बाळाच्या स्वेटरला, विशेषतः बाहीला, मी जाळी करत नाही. तान्ह्याची बोटं इवलीशी असतात, भोकात अडकली तर त्याला सांगता येत नाही.

आता चिंचोके. १९ चिंचोके एका वाटीत ठेवा आणि वाढीची एक ओळ झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाका. कुकरची शिट्टी, फोन, दार वाजणं, काहीही मधे आलं तरी हिशेब वाटीत शाबूत राहतो. वाटी रिकामी झाली की परतीची ओळ विणून टाके मोजा : ३५, ४८, ६४, ४८, ३५. एकूण २३०.

गळ्यापासून काखेकडे तिरक्या जाणाऱ्या या रेषांना रॅग्लन म्हणतात. लॉर्ड रॅग्लन हा इंग्रज सेनापती. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला, आणि ही बाही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या युद्धात तो इंग्रज सैन्याचा प्रमुख होता. त्याच युद्धात घोडदळाच्या एका तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या अर्ल ऑफ कार्डिगनवरून पुढून उघड्या स्वेटरला कार्डिगन म्हणू लागले. आणि २५ ऑक्टोबर १८५४ ला त्याच युद्धातली एक लढाई जिथे झाली त्या बालाक्लावा गावावरून डोकं-कान झाकणाऱ्या लोकरीच्या टोपीला नाव मिळालं. तीच आपली माकडटोपी. एका थंडीने गारठलेल्या युद्धाशी जोडलेले हे तिन्ही शब्द विणणाऱ्यांनी असे जवळ करावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

बाह्या बाजूला, अंग खाली

पुढच्या सुलट ओळीत वाढ नाही. पहिले ३५ विणा. बाहीचे ४८ टाके बोथट सुईने दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून सोडून द्या. अंगठ्यावर फास टाकून ६ नवे टाके घाला. पाठीचे ६४ विणा. दुसरी बाही तशीच दोऱ्यात. पुन्हा ६ नवे, मग ३५. सुईवर १४६. इथपर्यंत हातात गळ्याची एक विचित्र झालर असते. या ओळीनंतर ती अचानक स्वेटरसारखी दिसू लागते, आणि नवं शिकणारी प्रत्येक जण इथे थांबून घरात कुणाला तरी दाखवून येते.

आता फक्त विणत राहा. पट्टीचे ६-६ कायम सुलट, मधे एक ओळ सुलट, एक उलट. काखेपासून ५ इंच, म्हणजे ४५ ओळींच्या आसपास. मग ८ ओळी सगळ्या सुलट. टाके बंद करताना ८ नंबरची जाड सुई घ्या म्हणजे कड आवळणार नाही. रंगाशी खेळायचं असेल तर या भागात खेळा. दोन ओळींची एखादी पट्टी, खालच्या काठाला दुसरा रंग. मी अलीकडे पैठणीच्या काठासारखा गडद काठ आणि फिकं अंग करते आहे. उरलेल्या गुंड्यांचं सोनं होतं.

बाही : काखेच्या मध्यापासून ३ टाके उचला, दोऱ्यातले ४८ विणा, पलीकडचे ३ उचला. ५४ झाले. काखेच्या कोपऱ्यात भोक राहू बघतं. तिथे एकेक टाका जास्तीचा उचला आणि पुढच्या ओळीत शेजारच्याबरोबर दोनाचा एक करा. मग दर सहाव्या ओळीत दोन्ही टोकांना, कडेचा एक टाका सोडून, दोनाचा एक. असं ८ वेळा केलं की ३८ टाके उरतात. बाही साडेपाच इंच झाली की ८ ओळी सुलट विणून सैल बंद करा. दुसरी बाही पहिलीशेजारी ठेवून ओळी मोजत विणा. “अंदाजे सारखी” केलेली बाही नेमकी आखूड निघते. दोन्ही बाह्यांच्या आतल्या बाजूची शिवण घातली की झालं, एवढीच शिवण.

टाका सुटला तर

घाबरून सुई ओढू नका. स्वेटर टेबलावर सपाट ठेवा. सुटलेला टाका दिसेल : एक छोटा मोकळा फास, आणि त्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे. जितक्या ओळी तो खाली घसरला, तितक्या पायऱ्या. सुलट बाजू आपल्याकडे ठेवून क्रोशाची सुई फासात पुढून घाला, सर्वांत खालची पायरी आकड्यात पकडा आणि फासातून ओढून आणा. तोच नवा फास. आता त्याच्या वरची पायरी. असं करत वर या आणि शेवटचा फास सुईवर चढवा. जागा थोडी सैल दिसते, धुतल्यावर बसते.

हे जमायचं असेल तर टाका वाचायला शिका. सुलट टाका दोन पायांचा, गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांसारखा कोन करून बसलेला. उलट टाक्याची आडवी गाठ, मोहरीसारखी. एकदा हे दिसायला लागलं की “मी कुठल्या ओळीवर होते?” हा प्रश्न कापडच सोडवतं.

उसवायला लागलं तर उसवा. वाढी संपून बाह्या वेगळ्या करण्याआधी, धावदोरा घालतो तसा दुसऱ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. खाली काही बिनसलं तर तिथपर्यंत बेलाशक उसवता येतं, त्याच्या पलीकडे एक टाकाही जात नाही. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवून टांगली की सरळ होते. माझी आत्या तर पाच वर्षांचे जुने स्वेटर उसवून नवे करायची. लोकर वाया जात नसते, फक्त आपली संध्याकाळ गेलेली असते, आणि त्या संध्याकाळीही हात काहीतरी शिकलेला असतो.

वेळ, वही आणि विकायचा प्रश्न

या स्वेटरात १९ हजारांच्या आसपास टाके आहेत. मिनिटाला २५ टाके विणणाऱ्या हाताला साडेबारा-तेरा तास लागतात, नवीन हाताला त्याच्या दुप्पट. रोज अर्धा तास धरला तर सरावलेल्या हाताला चारेक आठवडे, नवीन हाताला सात-आठ. सगळं विणकाम एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी डोळ्यांसमोर असू द्या, कपाटात नको. कपाटात गेलेलं विणकाम पुढच्या दिवाळीला निघतं. आणि थांबायचं ते नेहमी ओळ पूर्ण करून, मधेच नाही.

प्रत्येक कामाची एक पानभर नोंद करा : लेबल चिकटवा, धुतलेला नमुना टाचा, टाके, ओळी, सुई, तारीख, कुणाच्या बाळासाठी. माझी वही आता इतकी जाड झाली आहे की बंद होत नाही. त्यात प्रत्येक नमुन्याचा तुकडा हाताला वेगळा लागतो, आणि नवीन काही सुचत नसेल तेव्हा मी तीच चाळते.

“इतकं छान करतेस, विकत का नाहीस?” हे प्रत्येकीला कुणीतरी म्हणतंच. विकायचं असेल तर जरूर विका, पण तास लिहून, लोकरीचा खर्च अधिक आपल्या तासांची मजुरी असा भाव लावा. तो भाव यंत्राच्या स्वेटरपेक्षा बराच जास्त येणार, आणि तो सांगताना खजील व्हायचं कारण नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना भाव पाडून देऊ नका. आपला भाव पडला की पोटासाठी विणणाऱ्या बाईचाही पडतो. त्यांना विणायला शिकवा. मी दोन शेजारणींना आणि एका शेजारणीच्या शाळकरी मुलाला शिकवलं. टाके सगळ्यांत एकसारखे त्या मुलाचे येतात.

धुणं आणि शेवटचा हात

धाग्यांची टोकं बोथट सुईने आतल्या बाजूला दोन-अडीच इंच ओवून मग कापा. गाठ मारू नका, बाळ पाठीवर झोपलं की त्याला टोचते.

खरी लोकर कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात पंधरा मिनिटं नुसती बुडवा. चोळायची नाही, पिळायची नाही. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. मग काही केल्या ती सुटत नाही. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा, सपाट ठेवून मापाप्रमाणे हाताने बसवा. बटणपट्टी किंचित आखडलेली असते, ती हलकेच ओढून अंगाएवढी करा. सावलीत वाळवा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांब होतो. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, एकदा त्याचा जीव गेला की कापड लुळं पडतं. लोकरीचा स्वेटर ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर लागत नाही.

बटणं शेवटी. छोटी, सपाट, आणि मागून बारीक पट्टीचा आधार देऊन अशी शिवा की जोराने ओढूनही हलणार नाहीत. बाळ पहिल्यांदा चाखतं ते बटणच. भीती वाटत असेल तर काज सोडून टिचबटणं लावा, तीही तितकीच पक्की. गळ्याशी नाडी मात्र नको, जुन्या कुंच्यांना असते तशी. झोपेत ती आवळू शकते.

उरलेल्या लोकरीचा छोटा गुंडा करा. त्यात एक जादा बटण खोचा, कसं धुवायचं ते चिठ्ठीवर चार ओळींत लिहा आणि सगळं सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून स्वेटराच्या घडीत ठेवा. बाळ रांगायला लागलं की कोपर झिजतो, तेव्हा त्याच्या आईला ती पुरचुंडी सापडेल.